नऊ पावलं आणि एक गालिचा

मी भुतं मानत नाही. वाळवी मानते, ओल मानते आणि गिऱ्हाइकाचा लहरीपणा मानते. सव्वीस वर्षं लोकांच्या घरातल्या जमिनी झाकायचा धंदा करते आहे आणि माझा विश्वास आहे तो मापाच्या फितीवर. फीत खोटं बोलत नाही, बोलतात ती माणसं. म्हणून त्या घरात जे जसं मोजलं तसंच सांगते, वरचा मीठमसाला काही नाही.

मला बोलावलं होतं दोन मुलींच्या खोल्यांसाठी. घर नवं कोरं, दोन वर्षांपूर्वी बांधलेलं. यांच्याआधी तिथे कुणी राहिलेलं नव्हतं. दोन्ही खोल्या तळमजल्यावर होत्या आणि दोन्हींत मधाच्या रंगाच्या, टणक लाकडाच्या फळ्यांची जमीन होती. सुतारानं काम चोख केलं होतं. फळी फळीला अशी बसली होती की मधून नखही जाऊ नये.

थोरलीच्या खोलीचं दहा मिनिटांत आटोपलं. तिला निळा गालिचा हवा होता, मी निळा दाखवला, ती त्यावर लोळली, संपलं.

धाकटीच्या खोलीत मात्र घोडं अडलं. धाकटी सात वर्षांची. घरात तिला सगळे ‘सरकार’ म्हणत, आणि ते नाव तिला शोभत होतं. वर्षभरापूर्वी तापानं तिचे पाय गेले होते. डॉक्टर म्हणत, ताकद परत येईलही, नाहीही येणार. तोवर चाकांची खुर्ची. खुर्चीत बसून ती माझे नमुने एकेक करून हुंगत होती.

“हा नको. ह्याला ओल्या कुत्र्याचा वास येतो,” सरकारांनी निकाल दिला.

तिच्या आईला भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड कार्पेट हवं होतं. वडिलांना काहीच नको होतं. फार तर पलंगापाशी एक छोटा गालिचा.

“ती चालायला लागेल तेव्हा पडेलच ना,” आई म्हणाली. “ह्या लाकडावर पडली तर केवढं लागेल!”

“आणि तोवर?” वडील शाळेत गणित शिकवायचे, आवाज कधी चढवायचे नाहीत. “कार्पेटवर चाकं रुततात. स्वतःच्या खोलीत दारापर्यंत जायलाही तिनं कुणाला तरी हाक मारायची का?”

“म्हणजे तू धरूनच चाललायस की ती खुर्चीतच राहणार.”

मी फीत गुंडाळत बसले. भांडण जमिनीचं नव्हतंच, हे कळायला मला वर्षं लागणार नव्हती. दोघांचंही बरोबर होतं, आणि दोघांचं बरोबर असलेलं भांडण सहजी मिटत नाही.

आमच्या धंद्यात अशा वेळी एक उपाय असतो. नमुना घरीच ठेवून जायचं आणि आठवडाभर वापरू द्यायचं. मी कार्पेटचा एक मोठा तुकडा पलंगाच्या कडेला अंथरला, शेजारी एक गालिचा टाकला आणि निघाले.

आठवड्यानं गेले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. खिडकीतून ऊन थेट जमिनीवर आलं होतं. सरकार आईबरोबर व्यायामाला गेल्या होत्या. वडिलांनी सांगितलं की कार्पेटवर तिला खुर्ची तीन-तीनदा ढकलावी लागते, आणि गालिच्याची कड चाकाखाली गोळा होते. “थोडक्यात, दोन्ही नापास,” ते म्हणाले. मी नमुने उचलायला वाकले.

कार्पेटच्या तुकड्याखाली, पलंगाला लागून, दोन तळवे होते.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. लाकडी जमीन उजेडानं गडद होत जाते. जिथे वर्षानुवर्षं गालिचा असतो तिथे उजेड पोचत नाही आणि लाकूड फिकट राहतं. भिंतीवरची जुनी तसबीर काढली की मागे चौकोन दिसतो, तसंच. पण त्याला वर्षं लागतात, आठवड्यात काही होत नाही. आणि झालंच असतं तर पुऱ्या तुकड्याच्या आकाराचं झालं असतं. इथे फक्त दोन लहान अनवाणी तळवे होते, बोटं स्वच्छ मोजता येणारी, दाराकडे तोंड केलेली. कुणीतरी तिथे कित्येक वर्षं उन्हात न हलता उभं राहावं इतके फिकट.

मी हात फिरवला. जमीन कोरडी आणि गुळगुळीत होती, पॉलिशलाही काही झालं नव्हतं. फीत लावली. अठरा सेंटिमीटर.

“थोरलीचं पाऊल?” मी विचारलं.

वडिलांनी तिचा बूट आणून दिला. बावीस. धाकटीचा आणला. साडेसोळा. अठराचं पाऊल त्या घरात कुणाचंच नव्हतं.

“ओलसर पायांनी कुणी उभं राहिलं असेल,” मी म्हणाले. मलाच ते पटलं नाही. मग नेहमीचा सल्ला दिला, की तीन आठवडे काही अंथरू नका, पडदे उघडे ठेवा, ऊन लागलं की रंग सारखा होईल.

तीन आठवड्यांनी वडिलांचा फोन आला.

“ताई, ते डाग गेले नाहीत.”

“वाढलेत का?”

“चालायला लागलेत.”

मी हातातलं काम टाकून गेले. दोघी मुली स्वयंपाकघरात होत्या, त्यांची कशावरून तरी चाललेली कुरबुर ऐकू येत होती. खोलीत आई भिंतीला पाठ लावून उभी होती.

पलंगापासून दाराच्या दिशेनं नऊ पावलं उमटली होती. डावं पाऊल दर वेळी आत वळलेलं आणि त्याच्यामागे फिकट फराटा, म्हणजे पाय ओढत टाकलेला. नवव्या पावलापुढे एक मूल पडलं होतं. मूल म्हणजे त्याचा आकार. पालथं, आडवं, दोन्ही तळहात पुढे, गुडघे, हनुवटी, कपाळ. फळ्यांच्या मधाळ रंगात तेवढंच फिकट. मी मोजलं. टाचेपासून डोक्यापर्यंत एकशे चौदा.

“सरकारांची उंची?”

“एकशे सात,” आई म्हणाली. “गेल्याच महिन्यात मोजली.”

“म्हणजे अजून व्हायचंय हे,” वडील म्हणाले. गणिताच्या माणसाच्या तोंडून ते वाक्य विचित्र वाटलं. मग हळूच म्हणाले, “काल मी सँडपेपर मारून बघितला. एका पावलावर. ते खालीही आहे, ताई. जेवढं घासावं तेवढं खालीही आहे.”

आई गुडघ्यांवर बसली आणि त्या नऊ पावलांवरून हात फिरवत गेली. तिचा चेहरा उजळला होता. “चालली. बघा ना, नऊ पावलं चालली ती!” मग तिचा हात त्या पडलेल्या आकारापाशी आला, त्याच्या कपाळावरून पुढे सरकला आणि थांबला.

पुढे दारापर्यंत नुसतं लाकूड होतं. एकही पाऊल नव्हतं.

“पुढे का नाही?” तिनं मला विचारलं. “ताई, ही उठली का नाही?”

मला काय ठाऊक? मी जमिनी झाकणारी बाई. पण तोवरच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी गिऱ्हाइकाला न विचारता ठरवलं. दुकानात गेले. माझ्याकडचा सगळ्यांत जाड लोकरी गालिचा काढला, दीडशे बाय नव्वदचा, आणि त्याच्याखाली घालायला नमद्याचे, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचे, दोन थर कापले. कडा उतरत्या केल्या, म्हणजे पाय अडकू नये. तासाभरात परत येऊन तो बरोबर त्या आकारावर बसवला, चारही बाजूंनी वीतभर जास्त. एका बाजूनं खुर्ची जाईल एवढी उघडी जमीन राहिली. वडिलांनी चाकांची रुंदी दोनदा मोजून घेतली. आईनं गालिच्यावर तळहात दाबून बघितला, मग कोपर, मग चक्क कपाळ टेकवलं.

“पुरेल,” ती म्हणाली.

ज्या भांडणासाठी मला बोलावलं होतं ते असं मिटलं. कार्पेट कुणी घेतलं नाही, आणि जमीन उघडीही राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. वडिलांना नीट बोलता येत नव्हतं.

“गालिच्याच्या पलीकडे,” ते म्हणाले. “पाच. दारापर्यंत पाच आहेत, ताई.”

मी फोन ठेवला आणि दुकानातल्या गुंडाळ्यांच्या आडोशाला जाऊन मनसोक्त रडले. कुणासाठी, का, ते मला आजही सांगता येणार नाही. बरं वाटलं, एवढं खरं.

त्यानंतर आई दर रविवारी लेकीचं पाऊल मोजायची. माझीच एक जुनी फीत तिला दिली होती. साडेसोळा, पावणेसतरा, सतरा. व्यायाम चालू होता. पायाची बोटं हलू लागली, मग घोटा, मग कठड्याला धरून उभं राहणं. सरकारांना पावलांबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं. पण खोली तिचीच, डोळे तिला होतेच. खुर्ची ती नेहमी त्या पावलांच्या कडेनं न्यायची. एकदा मी विचारलंच, की गं, त्यावरून का नाही जात? “पुसली जातील ना,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे असं बघितलं की विचारणारीच खुळी.

दहा महिने गेले. एका रविवारी सकाळी आईचा फोन आला. “अठरा भरले.”

मी पोचले तेव्हा सगळे खोलीत होते. ऊन पलंगापर्यंत आलं होतं. सरकार पलंगाच्या काठावर पाय सोडून बसल्या होत्या.

“कुणी धरायचं नाही,” हुकूम झाला.

तिनं पाय खाली टेकवले. त्या दोन तळव्यांवर, बरोबर. गिरवायला दिलेल्या अक्षरावरून पेन्सिल फिरावी तसे बसले.

एक.

डावा पाय ओढत आला, फराट्यावरून. दोन.

तिनं पाय उचलला की मागचं पाऊल गडद व्हायचं. डोळ्यांदेखत आजूबाजूच्या लाकडात मिसळून जायचं. मी ते पाहिलं. थोरलीनंही पाहिलं. तिनं माझा हात धरला.

पाच. सहा.

आईचे ओठ हलत होते. वडिलांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते, पुढे जाऊ नयेत म्हणून.

आठ.

नऊ.

ती पडली. पालथी, आडवी, जशी पडायची होती तशी. दप्प असा आवाज झाला, लोकरीतला, दबका.

मग काहीच आवाज नाही.

आई एक पाऊल पुढे आली आणि थांबली.

“अरे वा,” गालिच्यातून आवाज आला. “मऊ आहे की!”

ती कोपरांवर उठली. मग गुडघ्यांवर. नाक लाल झालं होतं आणि केसांत लोकरीचा धागा अडकला होता. आईकडे बोट दाखवून म्हणाली, “तू नको येऊस. मी उठतेय.”

ती उठली. पुढची पाच पावलं चालली आणि दाराची चौकट धरून हसत सुटली. तिचे वडील जमिनीवर बसून हमसून हमसून रडले, आणि मला त्यांचा इतका अभिमान वाटला की सांगता सोय नाही.

सगळी पावलं गेली होती. जमीन सारख्या रंगाची झाली होती. गालिचा मात्र कुणी उचलून पाहिला नाही. “तो राहू दे तिथेच,” आई म्हणाली, आणि त्या घरात केर गालिच्याच्या कडेकडेनं काढायची पद्धत पडली.

परवा, म्हणजे सहा वर्षांनी, आईचा पुन्हा फोन आला. “ताई, गालिचा बदलायचाय. तुम्हीच या.” एवढंच.

मी सकाळीच गेले. सरकार आता तेरा वर्षांच्या. शाळेकडून शर्यतीत पळतात, दारात त्यांचे चिखलाचे बूट पडलेले. मला बघताच त्या अंगणातून धावत आल्या आणि मिठी मारून दम खात उभ्या राहिल्या. डावा पाय किंचित आत वळतो, तेवढंच. मी तिला डोळे भरून पाहिलं. असं धावणारं मूल बघितलं की धंदा सार्थकी लागला असं वाटतं.

आई खोलीच्या दारातच थांबली. मी एकटीच आत गेले.

गालिचा चांगला होता. लोकर जरा दबली होती, एवढंच. अजून दहा वर्षं सहज टिकला असता. मी मान वर करून आईकडे पाहिलं. ती गालिच्याच्या पलंगाकडच्या कडेकडे बघत होती.

त्या कडेच्या बाहेर, गडद लाकडावर, वाटाण्याएवढे फिकट ठिपके होते. ओळीनं पाच, आणि शेजारी पाच. पालथं निजलेल्या माणसाच्या पायांची बोटं टेकावीत तसे.

मी गालिचा उचलला नाही. खिशातली फीत काढली आणि पुन्हा खिशात ठेवली.

“मावशी, झालं का मोजून?” सरकारांनी दारातून डोकं आत घातलं. “मला पळायला जायचंय.”

“झालंच. तुझी उंची किती गं आता?”

“एकशे बावन्न. का?”

“काही नाही,” मी म्हणाले. “हा दीडशेचाच आहे. गालिचा जरा मोठा घेऊ.”