इसालेचं पान

उपासना संपली की आमच्या चर्चच्या अंगणात दानात आलेल्या वस्तूंचा लिलाव होतो. त्या रविवारी लिलाव करणारे काका ओरडून भाव सांगत होते, पण माझ्या केळीच्या घडाला कुणी विचारेना. भुरभुर सुरू झालेली, लोक घरी निघालेले... आणि मागून आवाज आला, "घड माझा! काका, दुप्पट लावा!"

वळून पाहिलं तर... एलिनामी! लग्नाआधी चर्चमध्ये नवरा-नवरीची नावं तीन रविवार वाचतात; तीन वर्षांपूर्वी आमची दोन रविवार वाचून झाली होती. तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी हा पठ्ठ्या न सांगता दार-एस-सलामला पळाला होता.

घड खांद्यावर टाकून तो माझ्यामागून पायवाटेने निघाला.

"हायका, जरा हळू चाल ना. तुझी केळी जड आहेत गं."

"मग टाक. टाकून पळायची सवय आहेच तुला."

"बोल, बोल... ऐकायलाच आलोय."

"का गेलास?"

"घाबरलो," तो म्हणाला. "याहून मोठं कारण नाही. असतं तर बरं झालं असतं... पत्रांत सगळं लिहिलं होतं."

"चुलीत घातली. न उघडता."

"अकराच्या अकरा?"

"चहा झकास झाला."

तो हसला. मला हसायचं नव्हतं, तरी मेले ओठ हललेच.

"आज तुझ्या मागच्या बाकावर होतो," तो हळूच म्हणाला. "प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची ओळ आली आणि तू गप्प झालीस."

"तीन वर्षं त्या ओळीला गप्पच होते. 'आम्हीही इतरांना क्षमा केली आहे' असं देवासमोर खोटं कसं बोलू?"

आम्ही आमच्या कुंपणापाशी पोचलो. इसालेची झुडपं भिजून चमकत होती. आम्हा चागा लोकांत चुकलेल्याने इसालेचं पान हातात दिलं की समोरच्याने माफ करायचंच, नाही म्हणायची सोय नाही. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा एक हात घडावर होता आणि दुसरा रिकामा.

"पान नाही आणलंस?"

"नाही. पान दिलं तर तुला माफ करावंच लागेल. तशी माफी नको मला. जमलं नाही तर... घड ठेवून जाईन. पुन्हा दिसणार नाही."

मला रडूच फुटलं. तीन वर्षं मी राग शेळीसारखा रोज चारा घालून पाळला होता. राग धष्टपुष्ट झाला, वाळले मी. देवाकडे स्वतःसाठी दया मागायची आणि घरी येऊन याचं वाटोळं! प्रभू येशू, सोडव यातून, मी मनात म्हटलं, माझ्याने एकटीने होत नाही.

मग कुंपणातलं एक लांब पान खुडलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"हे काय? चूक तर माझी—"

"पत्रं जाळली, ती माझी. रोज तुझं वाईट चिंतलं, तीही माझीच. घे... आता तुलाच नाही म्हणता येणार नाही."

घड खाली ठेवून त्याने पान दोन्ही हातांनी घेतलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"हायका... एक रविवार राहिलाय आपला."

"एक नाही, तीन. पाळकसाहेब पहिल्यापासून वाचायला लावतील. थांबशील?"

"थांबेन. वाटल्यास कुंपणाला बांधून ठेव!"

पुढच्या रविवारी आमची नावं पुन्हा पहिल्यांदा वाचली गेली. मग प्रार्थनेत ती ओळ आली. मी म्हटली... इतक्या मोठ्याने, की पुढच्या बाकावरच्या आईने वळून पाहिलं.