शेजारबळ

पाणी अजून चार दिवसांवर होतं, पण कुणाच्या घरात ते कुठवर चढणार हे कुरणवाडीत पोराटोरांनाही ठाऊक झालं होतं. सरपंचांच्या देवघरात गुडघाभर, शाळेत फळ्याच्या खालच्या कडेपर्यंत, आणि खालच्या आळीत बापू खोतांच्या घरात थेट माळ्याच्याही वर. हे सांगायची कवडी. कवडी म्हणजे प्रत्येक घराच्या उंबऱ्यात बसवलेलं, कवडीएवढंच एक यंत्र. वारणेच्या खोऱ्यातल्या सगळ्या कवड्या जिल्ह्याच्या पूरकेंद्राशी अष्टौप्रहर बोलत असत, आणि केंद्राचा अंदाज वीतभरही चुकत नसे.

सुंदराबाई मगदूम यांना मात्र या चमत्काराचं कौतुक करायला सवड नव्हती. सकाळपासून त्या शेजारच्या बापूंच्या घरातलं सामान बांधत होत्या. बापू एके काळचे पैलवान. अर्धं अंग लुळं पडल्यापासून खाटेवर होते, पण फर्मानं सोडायची हौस काही गेली नव्हती.

"वहिनी, त्यो न्हवं, त्याच्या पलीकडचा डबा. चकली आधी बांधा. डाळ भिजली तर भिजू द्या."

"देवानं अंग घेतलं, पर जीभ तेवढी धडधाकट ठेवलीया," सुंदराबाई म्हणाल्या आणि चकलीचाच डबा आधी बांधला.

कुरणवाडीत पिढ्यान्‌पिढ्या पूरजोडीची रीत होती. दोन दोन घरांची जोडी ठरलेली. पूर आला की एकानं दुसऱ्याचं धान्य हलवायचं, जनावरं सोडायची, म्हातारीकोतारी माणसं बाहेर काढायची. आणि जोडीचं घर रिकामं झाल्याशिवाय आपण गाव सोडायचं नाही. या रिवाजापायी एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊही पुरात एकमेकांचे पेटारे डोक्यावर घेऊन धावत. खोत आणि मगदूम ही अशीच जोडी होती.

दुपारी पूरकेंद्रातल्या शास्त्रज्ञ डॉ. वैजयंती केळुसकर आळीत आल्या. पुराआधी गावोगाव फिरून कवड्या तपासायचं त्यांचं काम होतं. सुंदराबाईंनी त्यांना आपल्या पडवीत बसवलं, चहा दिला आणि लगेच मुद्द्याला हात घातला.

"मॅडम, बापूंसाठी बोट कवा येनार?"

वैजयंतीबाई जरा अवघडल्या. "काकी, तुमच्या आळीला यंदा बोट नाही."

"का? आमचं काय चुकलं?"

"काहीच नाही. उलट तुमचं फार बरं चाललंय." मग त्यांनी समजावून सांगितलं. जुन्या पुरांचा अभ्यास करताना एक गोष्ट दिसली होती. सारख्याच पाण्यात एका घरातली माणसं वाचत आणि दुसऱ्या घरातली दगावत, आणि फरक एवढाच असे की पहिल्या घराचं दार कुणीतरी येऊन ठोठावलेलं असे. हे मोजता येईल का, असा विचार पुढे आला. कवडी प्रत्येक माणसाचं पाऊल ओळखते. कोण कुणाच्या घरी किती वेळा जातं, अडचणीला कोण धावतं, याची ती नोंद ठेवते. त्यावरून प्रत्येक घराचा एक आकडा निघतो. त्याला शेजारबळ म्हणतात.

"ज्यांचं शेजारबळ कमी, तिथं बोट आधी जाते. हमरस्त्यावरच्या नव्या वसाहतीत लोकांना शेजाऱ्याचं नावही माहीत नाही. बोट गेली नाही तर तिथं कुणीच जाणार नाही."

"म्हंजे आमी एकमेकाला धरून ऱ्हातो, म्हनून आमाला बोट न्हाई?"

"बोटी थोड्या आहेत, काकी. मागच्या वेळी तुम्हीच बापूंना बाहेर काढलं होतं ना?"

काढलं होतं. गूळ कढवायच्या मोठ्या काहिलीत निजवून, आळीतल्या गड्यांनी ढकलत. पण ओढ्याच्या तोंडाशी काहील उलटली, आणि बापू हाताला लागले ते निव्वळ नशिबानं. यंत्राला काहील उलटल्याचं ठाऊक नव्हतं. बापू वाचले, एवढंच त्याला ठाऊक होतं. आणि यंदाचं पाणी तर त्याहून जोराचं होतं.

"मग तुमी सांगा की त्या केंद्राला."

"हातानं बदलायची सोय आम्हीच काढून टाकली. पूर्वी पुढाऱ्यांचे फोन यायचे, आणि ज्याचं वजन मोठं त्याच्या गावी बोटी जायच्या."

सुंदराबाईंनी बापूंच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आन मीच सोडून गेले तर?"

"तर त्यांचा आकडा शून्यावर येईल. पण नाटक चालत नाही, काकी. कवडी शब्द साठवत नाही, पण हाकेतली भीती मोजते. कुणीतरी येणार हे ज्याला माहीत असतं, त्याच्या हाकेत ती भीती नसते."

आपण काय बोलून बसलो हे वैजयंतीबाईंच्या उशिरा लक्षात आलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि निरोप घेतला.

चौथ्या दिवशी सकाळी पाणी आळीत शिरलं. बापूंची चौकशी कुणीच केली नाही, कारण खोतांची काळजी मगदुमांकडे, हे गृहीतच होतं. माणसं टेकाडाकडे नेणारी शेवटची ट्रॉली निघायच्या बेतात होती तेव्हा सुंदराबाई बापूंच्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"बापू, मला न्हाई जमायचं आता. मी चालले. तुमचं तुमी बघा."

बापू हसले. "चकली न्यायची इसरू नगा."

सुंदराबाई हसल्या नाहीत. बापूंनी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "वहिनी?" त्यांनी विचारलं. सुंदराबाई वळल्या. दार ओलांडताना मागून पुन्हा हाक आली, मोठ्यानं, आणि मग आणखी मोठ्यानं. एवढ्या वर्षांत बापूंचा असा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. बोट आली नाही तर या माणसाला आपणच मारलं, हे त्यांना पुरतं कळत होतं. तरी त्या ट्रॉलीत चढल्या.

ट्रॉली टेकाडाला लागल्यावर कुणीतरी विचारलं, "बापू कुठं हायत?"

"ठेवून आले," सुंदराबाई म्हणाल्या.

दोघं तिघं गडी खाली उड्या टाकून मागं धावले, पण रस्ता पाण्याखाली गेला होता. ते परत आले, आणि त्यानंतर सुंदराबाईंच्या शेजारी कुणी बसलं नाही. त्या उभ्यानंच खालच्या आळीकडे बघत राहिल्या. पाणी बापूंच्या दारातून आत शिरलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. डोळे उघडले, तो नदीच्या वळणावरून नारिंगी बोट येताना दिसली. सरळ खोतांच्या घराकडे. सुंदराबाई चिखलातच मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडात कोंबून रडल्या.

संध्याकाळी साखर कारखान्याच्या गोदामातल्या छावणीत बापूंना स्ट्रेचरवरून आणलं. कधी एकदा त्यांच्यापाशी जाते आणि सगळं सांगते असं सुंदराबाईंना झालं होतं. त्या उठल्या, तोच वैजयंतीबाई लगबगीनं आडव्या आल्या.

"काकी, पूर ओसरला की आकडा नव्यानं मांडतात. कोण सोडून गेलं आणि नंतर कोण कुणाकडे परत गेलं, दोन्ही धरून. इथल्या दारातही कवडी आहे." त्यांनी दाराकडे बोट केलं. "तुम्ही आत्ता त्यांच्याजवळ गेलात, तर पुढच्या पुरात त्यांना बोट नाही."

"आन नुसतं सांगितलं तर? कानात?"

"मग ते पुन्हा तसं घाबरतील का?"

तेवढ्यात बापूंनीच त्यांना पाहिलं. "वहिनी!" त्यांनी चांगला हात वर केला. "या की हिकडं. मला राग न्हाई. ह्या वयात माझं वझं तुमी तरी किती उचलायचं? खुळ्या का काय, रडताय कशापायी?"

सगळी छावणी बघत होती. सुंदराबाईंनी आपली थाळी उचलली, पाठ फिरवली आणि गोदामाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. तिथं नव्या वसाहतीतली माणसं होती. त्यांनी जागा करून दिली, पण नाव विचारलं नाही.

बापूंनी आणखी एकदा हाक मारली. सुंदराबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि मान वर केली नाही. पुढच्या वर्षीही बापूंना बोट मिळायला हवी होती.