शेपटीवाला र

"माझा बाप खबऱ्या नव्हता," लाइम्दोता म्हणाली आणि तिनं कप असा आदळला की बशीतला मांस भरलेला पिराग उडून इल्ग्वार्सच्या मांडीवर पडला. त्यानं तो मुकाट्यानं खाल्ला.

मिनिआपोलिसमध्ये खासगी तपासाची कामं घेणारी झिग्रिदा स्प्रूजे ही इल्ग्वार्सची मेहुणी. तिची गाडी तो चालवायचा. डोकं तिचं.

लाइम्दोताचे वडील तालिवाल्दिस यांनी तीस वर्षं निर्वासित लाटवियन लोकांचं वर्तमानपत्र चालवलं. ते गेल्यावर तिनं त्यांची बावीस खोकी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दिली. इतर घरांत म्हातारे मेले की पोरं असले कागद कचऱ्याच्या गाडीत फेकतात, कारण एकालाही ती भाषा वाचता येत नाही. हिनं जपले, आणि तेच हिच्या अंगावर आलं. चौदाव्या खोक्यात एक टाइप केलेला कबुलीजबाब निघाला. सन १९७१. 'इथल्या लोकांची नावं मी रिगातल्या सोव्हिएत कमिटीला कळवत होतो.' खाली सही नाही, पण अक्षरं त्यांच्याच टाइपरायटरची.

"रिगाहून आलेली ती संशोधक पोरगी, सानिता, हे पुस्तकात छापणार आहे. शुक्रवारी. आज बुधवार."

"पूर्ण वाचलंस?"

"तीन ओळी. पुढं वाचवेना."

झिग्रिदानं कागद डोळ्यांजवळ नेला. "शेपट्या शाईनं काढल्यात."

"सगळेच काढायचे," इल्ग्वार्स म्हणाला. मायदेशात सोव्हिएत राजवटीनं लाटवियन लिपीतला शेपटीवाला र शाळेतून हाकलला, म्हणून इकडच्यांनी तो छातीशी धरला. टाइपरायटरवर तो नसे. मग साधा र छापून खाली पेनानं शेपटी. कुठल्या शब्दात काढायची हे पाठच करावं लागे. शनिवारच्या शाळेत इल्ग्वार्सनं त्यापायी बोटांवर पट्ट्या खाल्ल्या होत्या.

"तुझे वडील तांब्याचा धंदा करायचे का गं?" झिग्रिदानं विचारलं.

"तांब्याचा? छे. का?"

"सहज."

इल्ग्वार्सला काही कळलं नाही. त्याची त्याला सवय होती.

ग्रंथालयाच्या नोंदवहीत चौदावं खोकं उघडणाऱ्यांची तीनच नावं होती. पहिलं माइराचं. ती खोकी सांभाळायची. जन्म इथला, शनिवारची शाळा इथली.

"मी कागद मोजते, स्प्रूजेबाई. वाचत बसले तर निवृत्त होईपर्यंत तिसऱ्याच खोक्यावर असेन. मार्चमध्ये यात दोनशे बारा होते. आता दोनशे तेरा."

म्हणजे कागद बाहेरून आला होता. आणि तालिवाल्दिसचा जुना टाइपरायटर लाटवियन समाजगृहात पडून होता. कुणीही बडवावा.

दुसरी सानिता. वय सव्वीस, नखं कुरतडलेली.

"मीच केलं असं सगळे म्हणतायत. तिकडच्या लाल, सोव्हिएत शाळेत शिकले ना मी. मला ती शेपटी येतही नाही. तालिवाल्दिस यांच्या रोजनिशा उतरवताना माइराताई इतकी ओरडली की आता दिसेल तशी चितारते."

झिग्रिदानं तिनं उतरवलेली तीनशे पानं मागवली आणि दुपारभर मूळ वह्यांशी ताडून पाहिली. एकही शेपटी चुकली नव्हती.

तिसरे विस्वाल्दिस, समाजाचे अध्यक्ष. प्रत्येक मयताला भाषण यांचंच.

"त्या रिगावालीला धरा," ते म्हणाले. "तालिवाल्दिस माझा मित्र होता. पण आता कमिटीची दप्तरं उघडतायत, इथला खबऱ्या कोण हे निघणारच. वाईट वाटतं, दुसरं काय."

"तुम्ही शिकलात कुठं?"

"जर्मनीत, निर्वासितांच्या छावणीच्या शाळेत. पहिलीपासून."

"मग आठवण म्हणून लेख द्या ना एखादा."

"लिहायचं सगळं बायको, आमची मारुता, करायची. ती गेली. मी बोलणारा माणूस."

गुरुवारी सकाळी झिग्रिदानं लाइम्दोतासकट सगळ्यांना वाचनकक्षात बसवलं. नोंदवहीतल्या तिघांना पेन्सिली वाटल्या. "तालिवाल्दिसच्या खोक्यावर एक ओळ लावायचीय. लिहा. 'हा माणूस सोव्हिएत सत्तेपुढं वाकला नाही.' लाटवियनमध्ये."

लिहून झालं. तिनं तिन्ही चिठ्ठ्या इल्ग्वार्सपुढं सरकवल्या. "दाजी, पट्ट्या तुम्ही खाल्ल्यात. 'सत्ता' वाचा."

"सत्ता म्हणजे वरा. माइराचा र साधा. बरोबर. सानिताचाही साधा." तो थांबला. "विस्वाल्दिस, तुम्ही शेपटी काढलीत. याचा अर्थ तांब्याचा असा होतो. तुमचा माणूस सोव्हिएत तांब्यापुढं वाकला नाही."



"कबुलीजबाबातही तेच तांबं आहे, सातव्या ओळीत," झिग्रिदा म्हणाली. "तालिवाल्दिसच्या हातून ही चूक मेल्यावरही झाली नसती. माइराच्याही नाही. सानिताला खोटं लिहायचं असतं तर बरोबर शेपट्यांची तीनशे पानं तिच्या उशाशी होती. ही चूक कोण करेल? जो छावणीच्या शाळेत कधी बसलाच नाही, आणि ज्याला वाटतं हे निर्वासित र दिसला की शेपटी काढतात. बायकोनं तीस वर्षं झाकलं. तुम्ही शिकलात सोव्हिएत शाळेत, विस्वाल्दिस. कमिटीनं तुम्हाला इथं पाठवलं. नावं तुम्ही कळवलीत. दप्तरं उघडायच्या आत आळ टाकायला एक मेलेला माणूस हवा होता."

विस्वाल्दिसनी आपली चिठ्ठी पालथी घातली. "माझी आई तिकडं होती," ते म्हणाले. "तुम्हाला काय माहीत ते काय करायचे."

"सांगायचं होतंत," लाइम्दोता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून इल्ग्वार्सला जास्त भीती वाटली. "बाबांनी ऐकून घेतलं असतं. पुन्हा जेवायलाही बोलावलं असतं, तसेच होते ते. तुम्ही त्यांच्या शवपेटीपुढं रडलात आणि मग त्यांच्याच टाइपरायटरवर बसलात."

"तो कागद मला दे. जाळून टाकतो. मी आजच राजीनामा देतो."

"इथलं काहीही जाळायचं नाही." ती माइराकडे वळली. "बाबांच्या खोक्यात दोनशे बाराच राहू देत. हा एक आणि आजची चिठ्ठी दुसरीकडं ठेव."

"सानिता, लिहून घे," झिग्रिदा म्हणाली. "आईपासून सुरुवात कर. ते सांगतील."

माइरा आत गेली आणि एक कोरं करडं खोकं घेऊन आली. झाकणावर तिनं पेन्सिलीनं विस्वाल्दिसचं नाव घातलं, त्यांच्यापुढं वळवलं आणि विचारलं, "स्पेलिंग बरोबर आहे ना, बघा."