सरिताचं स्टूल

हे खरं आहे. आधीच सांगून ठेवतो, मागाहून वाद नको.

आणि यात अमावस्या नाही, स्मशान नाही, वडाचं झाड तर नाहीच नाही. जे झालं ते शनिवारी झालं, दुपारी चारच्या सुमाराला. नाशिकला, इंदिरानगरात, भर वस्तीत. बाहेर भेळेची गाडी उभी होती, म्हणजे बघा!

ज्या बाईवर हे बेतलं ती माझी सख्खी काकू. मनीषाकाकू.

कॉलेज रोडला तेव्हा पुस्तकांचं एक मोठ्ठं दुकान होतं. बाहेरच्या कंपनीचं, गावोगाव शाखा असलेलं. नाव सांगत नाही, कारण कंपनीचा यात काही दोष नाही. दोन मजले, एसी, काचेचं दार, पायाखाली गालिचा. २००३ साली उघडलं तेव्हा लोक नुसतं बघायला यायचे. पुस्तक न घेता बसून वाचलं तरी कोणी उठवत नाही, याचंच केवढं अप्रूप!

काकू तिथे लहान मुलांच्या विभागात लागली. त्याच दिवशी सरिताही लागली. सरिता सिन्नरची, रोज जीपने यायची.

दर शनिवारी चार वाजता दुकानात गोष्टींचा तास असायचा. लाकडी स्टुलावर बाई बसणार, समोर अर्धगोल करून पोरं. दोघींनी आलटून पालटून सांगायचं ठरलं होतं. काकू घरी आरशासमोर तयारी करायची. वाघाचा आवाज काढून बघायची, हातवारे करून बघायची.

पोरं जांभया द्यायची.

सरिता काहीच करायची नाही. स्टूल पुढे ओढायची, बसायची आणि हातातली हिरवी बांगडी पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर वाजवायची.

टक... टक.

पोरं चिडीचूप.

"मंग काय झालं..." एवढं म्हणून ती थांबायची. तेवढ्यानेच पोरं पुढे सरकायची.

थोड्या दिवसांनी आयांचे फोन यायला लागले. "आज सरिताताईच आहेत ना? मग आणते मुलांना."

काकूच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. स्पष्टच सांगतो, काकू जळायची तिच्यावर. बायका साडीवरून जळतात, सोन्यावरून जळतात. काकू एका स्टुलावरून जळत होती.

त्यात दिशा. काकूची एकुलती एक लेक, तेव्हा एवढीशी होती. शनिवारी घरी कोणी नसायचं म्हणून काकू तिला दुकानात घेऊन यायची. आल्या आल्या पोर कोणाकडे पळायची? सरिताकडे. तास संपला तरी तिच्या मांडीवरून उतरायची नाही.

"दिशा, चल, उशीर होतोय."

"तू जा ना आई. मी मावशीकडे थांबते."

सरिताला मूलबाळ नव्हतं. एकदा दिशाच्या केसांतून हात फिरवत ती म्हणाली, "मनीषाताई, ही पोर मला देऊन टाका. लय जीव लागलाय हिचा."

"ने की," काकू म्हणाली.

सगळे हसले. काकूही हसली, पण आतून चडफडली.

पुढच्याच वर्षी मोहदरी घाटात जीप उलटली. सरिता गेली.

काकू रडली. मनापासून रडली. पण शनिवारचा तास आता आपला एकटीचा, हेही तिच्या मनात त्याच दिवशी आलं. हे तिनेच मला सांगितलंय.

तास मिळाला. पोरं नाही मिळाली. एकेक करत येईनाशी झाली.

पुढे दुकानालाच उतरती कळा लागली. लोक यायचे, एसीत बसायचे, वाचायचे आणि उठून जायचे. जागेचं भाडं वाढलं. पुस्तकं इंटरनेटवर स्वस्तात मिळायला लागली. आधी कॉफीचं यंत्र गेलं, मग वरचा मजला बंद झाला. मग काचेवर लाल अक्षरं लागली... सर्व माल निम्म्या किमतीत. २००९च्या उन्हाळ्यात दुकान कायमचं बंद झालं.

शेवटच्या दिवशी कपाटंसुद्धा विकून टाकली. मॅनेजर काकूला म्हणाला, "मॅडम, तुम्हाला काही हवं असेल तर घेऊन जा."

"ते स्टूल द्या," काकू म्हणाली.

"वर असेल बघा. पण तो मजला कधीचा उघडलेला नाही."

काकू वर गेली. गालिचा काढून नेलेला, नुसती फरशी. सगळीकडे धुळीचा थर. मधोमध स्टूल.

स्टुलावर धूळ नव्हती.

आणि समोरच्या धुळीत... छोटे छोटे गोल पुसलेले होते. अर्धगोलात. पोरं बसून उठली की उमटतात तसे.

दुसरी एखादी असती तर जिना उतरून पळाली असती. काकूने स्टूल उचललं. 'याच्यामुळेच पोरं यायची ना? आता माझ्याकडे असू दे.' हा तिचा हिशोब!

दसऱ्याला काकूने इंदिरानगरात एक गाळा घेऊन स्वतःचं दुकान टाकलं. मुलांची पुस्तकं, वह्या, रंग. आम्ही सगळे होतो. पूजा झाली. काकूने गल्ल्याला हळदीकुंकू लावलं, कपाटांना लावलं. शेवटी स्टुलाला लावलं, आणि तिची जीभ घसरली.

"ये बाई सरिता," ती म्हणाली. "ये, बस. बघ तरी माझं दुकान. आता पोरं कोणाकडे येतात तेही बघ."

माझी आजी, म्हणजे काकूची सासू, कुसाबाई, नारळ फोडायला बसली होती. तिचा हात वरच राहिला.

"अगं ए! सवाष्ण गेलेली बाई ती. तिला कुंकू लावून बोलावतेस?"

"गंमत केली हो आई."

"अशी गंमत नाय करायची," आजी म्हणाली.

पुढचा शनिवार. चार वाजलेले. काकू गल्ल्यावर, दिशा जमिनीवर चित्र रंगवत बसलेली. बाकी दुकानात कोणी नाही.

खर्रर्र...

काकूने मान वर केली. कोपऱ्यातलं स्टूल कपाटापुढे आलं होतं.

टक... टक.

दिशाने रंग खाली ठेवले आणि मांडी घालून सरळ बसली.

मग दारातून पोरं यायला लागली. काकूने कोणाला बोलावलं नव्हतं. गल्लीतली, शेजारच्या सोसायटीतली. कोणी कोणाशी बोललं नाही. येऊन अर्धगोल करून बसली. सगळ्यांची तोंडं रिकाम्या स्टुलाकडे.

एकदम सगळी हसली. एकदम गप्प झाली. पुन्हा हसली.

काकूला एक शब्द ऐकू येत नव्हता.

दर शनिवारी हेच. आणि दुकान असं चालायला लागलं की विचारू नका! आया यायच्या, थैलीभर पुस्तकं न्यायच्या.

"तुमच्या त्या गोष्टी सांगणाऱ्या ताई फार गोड आहेत हं," एक बाई म्हणाली.

"कोणत्या ताई?"

"आमचा सोनू सांगतो ना. हिरव्या बांगड्यांच्या."

काकूच्या एका हातात घड्याळ, दुसरा हात मोकळा. बांगडी ती घालतच नाही.

घाबरली का? घाबरली. पण त्याहून जास्त जळली. दुकान माझं, भाडं मी भरते, आणि कौतुक हिचं? मेली तरी हिचंच?

पुढच्या शनिवारी तिच्याच्याने राहवलं नाही. पोरं हसली तशी ती गल्ल्यावरून उठली, तरातरा गेली आणि त्या स्टुलावर धपकन बसली.

"मी सांगते गोष्ट! दुकान माझं आहे!"

पोरांचे चेहरे पांढरे पडले. दिशा तर किंचाळलीच.

"आई, ऊठ! तू मावशीच्या मांडीवर बसलीस!"

तेव्हा काकूला कळलं...

खाली लाकूड लागत नव्हतं. मऊ होतं. ऊबदार होतं. आणि कमरेभोवती काहीतरी गार, गोल... कोणीतरी हात टाकून बसवून घेतल्यासारखं.

काकू कशी उठली, तिला आठवत नाही.

आजी ऐकून म्हणाली, "कुंकू लावून बोलावलेल्या सवाष्णीला हाकलता येत नाय. ओटी भर तिची. हात जोड. आणि मनापासून म्हण, सरिता, तुझ्यावर माझा राग नाही. जाईल बिचारी."

काकूने खण आणला, नारळ आणला, तांदूळ घेतले. स्टुलावर ओटी ठेवली. हात जोडले.

"सरिता..." ती म्हणाली.

पुढचे शब्द तोंडातून फुटेनात.

आजीने दोनदा सांगितलं. काकू तशीच उभी. समोर दिशा बसली होती, स्टुलाकडे बघून गोड हसत होती. आईकडे बघून तशी ती कधी हसली नव्हती. काकूने बघितलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

ओटी तशीच राहिली. सकाळी बघितलं तर... नारळ जागेवर, तांदूळ जागेवर. खण नव्हता.

काकूने दुकान बंद केलं. चालतं दुकान! सगळ्यांनी वेड्यात काढलं. स्टूल भंगारवाल्याला फुकट देऊन टाकलं. वाटलं, सुटलो.

शनिवारी चार वाजता दिशाने आपल्या खोलीचं दार लावून घेतलं.

काकूने दाराला कान लावला.

टक... टक.

मग बराच वेळ काही नाही. मग दिशाचं हसणं. आणि मग पोरीचा आवाज, अगदी हळू...

"मी तुला आई म्हणू?"

काकूला उत्तर ऐकू आलं नाही. पण दिशा आनंदाने ओरडली, तिने टाळ्या वाजवल्या.

आज दिशा मोठी झाली आहे. शहाणी आहे, कामाची आहे. मनीषाकाकूला ती नावाने हाक मारत नाही, आईही म्हणत नाही. "अहो" म्हणते. परक्या बाईला म्हणावं तसं. आणि शनिवारी चार वाजले की आजही तिच्या खोलीचं दार लागतं.

मी एकदा काकूला विचारलं, "अजून भीती वाटते का गं?"

काकू त्या बंद दाराकडे बघत होती.

"भीती कसली?" ती म्हणाली. "अजून जळते रे मी. तोंडाने एकदा राग नाही म्हटलं की सुटेल सगळं, कळतंय मला. पण तिने नेलेली माझी लेक आहे. कसं म्हणू?"

तेवढ्यात आतून आवाज आला. मीही ऐकला.

टक... टक.

तेव्हापासून मी काकूकडे शनिवारचा जात नाही.