टाइग कॉन्सिडाइनचं फिडल

“मी चोर नाही,” एडिल्सन दारातच म्हणाला. “हे आधी सांगतो, मग बसतो.”

“बसा,” डर्वला हेशन म्हणाली. ती उकडलेलं अंडं सोलत होती. बुधवारची सकाळ होती आणि त्या आठवड्यातली कुठलीच सकाळ तिला धड गेली नव्हती.

फिन्टननं खुर्ची पुढं ओढली. तो डर्वलाच्या बहिणीचा नवरा. चाळीस वर्षं त्यानं टपाल वाटलं. बायको गेली, घर खायला उठायला लागलं, तेव्हापासून तो डर्वलाची गाडी चालवत होता, कारण तिच्या गुडघ्याला क्लच झेपत नव्हता. वीस वर्षं पोलिसात काढून ती आता लोकांची खाजगी प्रकरणं घ्यायची. त्या प्रकरणांचा आताशा दोघांनाही शीण येत होता.

एडिल्सन मूळचा ब्राझीलचा. पंधरा वर्षांपूर्वी मांसाच्या कारखान्यात कामाला आला. कारखाना बंद पडला, पण तो किलफादा गावातच राहिला. सहा वर्षं तो हाइन्सच्या पबमध्ये ग्लास भरत होता.

“गुरुवारी मागच्या खोलीत बैठक असते,” तो सांगू लागला. “म्हातारे टाइग फिडल वाजवतात, म्हणजे व्हायोलिनच, मॉर्टी लाकडी बासरी, बाकी जो येईल तो. साडेआठला सगळे थांबून सँडविच खातात. मग मालकीणबाई एक गाणं म्हणतात. तेव्हा कुणी हलत नाही. गेल्या गुरुवारी मी ट्रे घेऊन आत आलो आणि टाइगच्या पाठीमागं तो माझ्या हातून सुटला. सात ग्लास फुटले. मी बादली आणली, काचा भरल्या, मागं ओतून आलो. गाणं संपलं, टाइगनी पेटी उघडली, तर फिडल नाही.”

“मग?”

“मग सगळ्यांनी माझ्या बादलीकडे पाहिलं.” त्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली. “मालकीणबाई म्हणाल्या, काही दिवस येऊ नकोस. माझी मुलगी शाळेतून रडत आली. बायको म्हणते, गाव सोडू. पंधरा वर्षांनी कुठं जाऊ?”

“पेटीत काय उरलं होतं?”

“गज होता. आणि गजाला लावायचा राळेचा खडा. बाकी काही नाही.”

डर्वलानं अंड्याला मीठ लावलं आणि न खाताच ते बाजूला ठेवलं.

गुरुवारी संध्याकाळी सातला ते पबमध्ये पोचले. जूनमध्ये तिकडं रात्री दहापर्यंत मावळत नाही; ऊन अजून रस्त्यावर लोळत होतं. एडिल्सनला त्यांनी गाडीतच बसवलं.

मालकीण फिलोमीना हाइन्स नळाखाली काळ्या बिअरचे ग्लास भरून फेस बसण्याची वाट बघत होती. साठीची बाई, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

“मी त्याला काढलं नाही,” ती म्हणाली. “थांब म्हटलं. गिऱ्हाईक कुजबुजायला लागलं की मी काय करू?”

“ते फिडल तुम्हाला हवं होतं म्हणे.”

“हवं होतं, पण टाइग गेल्यावर. या गावचे चार फिडलवाले गेले, चौघांची फिडलं मागच्या खोलीत भिंतीवर आहेत. त्यांना कुणी हात लावत नाही. मी धूळसुद्धा पुसत नाही. टाइगला मी तोंडावर सांगितलंय, तुझी जागा राखून ठेवलीय. हसला होता.”

“साडेआठला सगळे कुठं होते?”

“बाहेर, अंगणात. असं ऊन आम्हाला कितीदा मिळतं? टाइग तेवढा आत बसला. गुडघे दुखतात म्हणाला.”

“आणि ट्रे पडला तेव्हा?”

“माझा सूरच गेला. इतका आवाज झाला की रस्त्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. पण गात राहिले.”

मॉर्टी क्विलिगन मागच्या दारात बासरी पुसत उभा होता. सत्तरीचा, रुंद, पायात शेतावरचे जड बूट.

“त्या माणसानं नेलं,” तो म्हणाला. “मी सगळ्यांदेखत बोललो, आताही बोलतो.”

“पाहिलंत?”

“पाहायला कशाला हवं? चाळीस वर्षं मी टाइगच्या शेजारी बसतोय. आता एकट्यानं फुंकू?”

“टाइग अलीकडे कसे वाजवतात?”

मॉर्टीनं बासरीत डोकावून बघितलं. “म्हातारे वाजवतात तसे,” म्हणाला आणि आत गेला.

मागच्या खोलीत खिडकीच्या बाकावर टाइग कॉन्सिडाइन बसला होता. उंच, वाकलेला. फिडल नसलं तरी तो आपल्या जागेवर आला होता. त्याच्या मागून बाकाला वळसा घालताना फिन्टननं सहज विचारलं, “किती जुनं होतं हो फिडल?”

टाइगनं मान वळवली नाही, उत्तरही दिलं नाही. फिन्टनला ते लागलं. चाळीस वर्षं दारोदार गेला होता, पण इतक्या उघडपणे त्याला कुणी झिडकारलं नव्हतं.

डर्वला मात्र समोर बसली, तर तिच्याशी म्हातारा नीट बोलला.

“गाणं चालू असताना कुणी जागचं उठलं?”

“कुणी नाही. फिलोमीना गाते तेव्हा टाचणी पडली तरी कळावं अशी शांतता असते. त्या दिवशीही तशीच होती.”

“तुम्हाला कुणाचा संशय?”

“नाही, बाई. गेलं ते गेलं. शोधू नका.”

फिन्टन कोपऱ्यात जाऊन बसला. करायला काही नसलं की तो काहीतरी मोजायचा, जुनी सवय. भिंतीवर धुरानं काळवंडलेली फिडलं पाच. खिडकीच्या कट्ट्यावर उलटं टाकलेलं गेल्या वर्षीचं कॅलेंडर एक. टाइगचे बूट चकचकीत, फक्त उजव्या बुटाचा वरचा भाग खरवडलेला.

बैठक सुरू झाली. दोघं पाहुणे बँजो घेऊन आले होते. मॉर्टी वाजवू लागला, आणि त्याचा जड बूट टाइगच्या उजव्या बुटाला चिकटून ताल देऊ लागला. सूर चांगला होता, पण खोलीत कुणाला उत्साह नव्हता. वाजवणारे कामावरून आल्यासारखे वाजवत होते.

“मॉर्टीच असणार,” फिन्टन डर्वलाच्या कानाशी म्हणाला. “त्याचा राग खोटा वाटतो.”

“राग खरा आहे. पत्ता चुकलाय. तुला कळायला हवं होतं.” तिनं डोळे मिटले होते. “काय काय मोजलंस?”

त्यानं सांगितलं.

“फिडलं पाच?”

“पाच.”

तिनं डोळे उघडून भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाली, “मला हे बोलायचा कंटाळा आलाय, फिन्टन. एडिल्सनला आत घेऊन ये.”

साडेआठला पाहुणे बाहेर गेले. तिनं फिलोमीनाला, मॉर्टीला आणि टाइगला थांबवून घेतलं. एडिल्सन दाराशी उभा राहिला. मॉर्टीनं त्याच्याकडे पाठ केली.

“विकायला किंवा वाजवायला फिडल नेणारा गजही नेतो,” डर्वला म्हणाली. “गज पेटीतच होता. म्हणजे ज्यानं काढलं त्याला विकायचंही नव्हतं आणि वाजवायचंही नव्हतं. आता बादली. फिडल हातभर लांब असतं. बादलीतून त्याची मान बाहेर आली असती आणि सगळ्या खोलीनं पाहिली असती. तेव्हा ते गाण्याच्या वेळी गेलंच नाही. पेटी आधीच रिकामी होती. सँडविचच्या वेळी सगळे उन्हात होते, एक माणूस सोडून.”

“तोंड सांभाळून बोला,” मॉर्टी म्हणाला.

“सांभाळूनच बोलतेय. सात ग्लास फुटले, बाहेरचं कुत्रं भुंकलं, आणि खोलीतला एक माणूस म्हणतो टाचणीचा आवाज कळावा अशी शांतता होती. फिन्टननं त्याला मागून विचारलं तर उत्तर नाही. मी समोर बसले तर माझ्या ओठांकडे बघून सगळी उत्तरं. मॉर्टी, त्यांच्या बुटावर ताल कधीपासून देताय?”

मॉर्टी बाकावर बसला.

“दोन वर्षं,” तो म्हणाला. “ताल पायातून पोचायचा. सूर पोचत नव्हता. आम्ही कुणी बोललो नाही.”

“फिलोमीना, भिंतीवर फिडलं किती?”

“चार.”

“मोजा.”

फिलोमीना बोटानं मोजू लागली आणि पाचव्यापाशी थांबली. तिथं कॅलेंडर असायचं. या फिडलच्या तारांखाली राळेची ताजी पांढरी भुकटी होती, आणि बाकीच्यांसारख्या तुटक्या नाहीत, चारही तारा शाबूत.

टाइग या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होता. डर्वलानं ग्लासाखालचा पुठ्ठा उचलला, त्यावर दोन ओळी लिहिल्या आणि त्याच्यापुढं सरकवला. *गाव एडिल्सनला चोर म्हणतं. त्याचं काम सुटलंय.*

त्यानं ते दोनदा वाचलं.

“कोण म्हणतं?”

“सगळे. गेल्या गुरुवारी, याच खोलीत, तुमच्यासमोर.”

“मला वाटलं, लोक हळहळतायत,” टाइग म्हणाला.

तो उठला, वाकलेल्या पाठीनंच हात वर केला आणि फिडल खाली काढलं.

“वाजवणं संपलंय हे मला सांगता येईना. फिडल हरवलं की कुणी कारण विचारत नाही. विकायचं मन होईना. इथं माझा भाऊ आहे,” त्यानं शेजारच्या फिडलकडे बोट केलं. “मेल्यावर लावणारच होते. मी थोडं आधी लावलं. यात दुसऱ्या कुणाचं काही जाईल हे डोक्यातच आलं नाही.” तो एडिल्सनकडे वळला. “मला माफ कर, बाबा.”

एडिल्सन त्याच्या अगदी समोर आला, म्हाताऱ्याला ओठ दिसतील असा.

“इथं नको,” तो सावकाश म्हणाला. “इथं सहा माणसं आहेत. मला चोर गावानं म्हटलंय.”



रविवारी डर्वलानंच फिन्टनला चर्चकडे गाडी घ्यायला सांगितली. ती गाडीतच बसून राहिली, गुडघा धरला होता. फिन्टन उतरला.

फाटकाशी टाइग टोपी हातात घेऊन उभा होता. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला तो थांबवत होता आणि तेच सांगत होता. फिडल मीच भिंतीवर टांगलं. एडिल्सननं काही चोरलं नाही. मला ऐकू येत नाही, म्हणून वाजवणं सोडलं, आणि ते सांगायची लाज वाटली. दर वेळी तेच शब्द, तोच आवाज. तिसऱ्या की चौथ्या माणसानंतर त्यानं एका हातानं फाटक धरलं. मॉर्टीनं खुर्ची आणली. तो बसला नाही.

काही लोक मान खाली घालून निघून गेले. काही एडिल्सनकडे गेले आणि त्याचा हात हातात घेतला. त्याच्या बायकोनं कुणाच्याही हातात हात दिला नाही.

एक बाई टाइगशी काहीतरी हळू बोलली.

“मोठ्यानं बोला, बाई,” तो म्हणाला. “मला ऐकू येत नाही.”

“म्हटलं, गुरुवारी येणार ना? नुसतं बसायला?” सगळ्या आवाराला ऐकू गेलं.

“त्याला विचारा. तो कामावर आला तर येईन.”

एडिल्सन मुलीच्या कोटाची बटणं लावत होता. शेवटचं बटण लागेपर्यंत त्यानं वर पाहिलं नाही. मग काहीतरी म्हणाला आणि मुलीचा हात धरून चालू लागला.

“काय म्हणाला?” टाइगनं मॉर्टीला विचारलं.

मॉर्टी त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. “बघतो म्हणाला.”

टाइगनं मान हलवली आणि पुढच्या माणसाकडे वळला.