दिवेलागणीची हाक

"ओ!"

इतकी खणखणीत, इतकी घरची 'ओ' गार्गीने सिंगापुरात आल्यापासून ऐकली नव्हती. आई स्वयंपाकघरातून हाक मारते आणि अंगणातून पोरगं देतं ना, अगदी तश्शी! ती गर्रकन वळली.

क्लेमेंटीच्या बसस्टॉपवर पाऊस नुसता कोसळत होता. छपराखाली दोघंच जण — ती, आणि खांबाशी उभा असलेला एक उंच, सावळा तरुण. चष्म्याच्या काचांवर थेंब, हातात मिटलेली छत्री आणि नजर रस्त्यापलीकडच्या कालव्याकडे. तिकडे कुणी म्हणजे कुणी नव्हतं.

आणखी एक गोष्ट तिला खटकली. सांज झाली की क्लेमेंटीच्या झाडांवर साळुंक्या असा काही गोंगाट करतात की फोनवर बोलता येत नाही. आत्ता एकही ओरडत नव्हती. झाडं तर भरलेली होती... पण सगळ्या साळुंक्या माना वळवून त्याच कालव्याकडे बघत बसल्या होत्या.

"मी हाक मारली नव्हती हं," गार्गी म्हणाली. भीती वाटली की थट्टा करायची, हा तिचा जन्माचा स्वभाव.

तो दचकला. "सॉरी... तुम्ही मराठी?"

"छे! मी चिनी. मराठी फावल्या वेळात शिकले."

तो हसला — आणि काय सांगू, इतकं मोकळं हसला की गार्गीला साळुंक्यांचा विसरच पडला. कधी त्या पुन्हा ओरडायला लागल्या, तेही कळलं नाही.

"उज्ज्वल गजभिये. नागपूर."

"गार्गी. पुणे. पण त्यात माझा काही दोष नाही."

बस आली. त्याने छत्री तिच्या हातात कोंबली. "घ्या. मला इथून एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या स्टेशनपर्यंत छप्पर आहे."

"आणि परत कुठे करू?"

"इथेच. युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये पाण्याचे नमुने घेऊन येतो मी. दर गुरुवारी." मग जरा थांबून, "परत केलीच पाहिजे असं नाही... पण गुरुवारी या."

बसच्या पायरीवरून तिने मागे वळून हाक मारली, "उज्ज्वल! थँक्यू!" तो चार पावलांवर होता, पाठमोरा. त्याने वळून पाहिलं नाही. बहिरा आहे की शिष्ट, असं मनात म्हणत ती आत शिरली.

छत्रीचं निमित्त बरं असतं. गुरुवारी तयार होताना खोलीतली मैत्रीण स्नेहल दाराला टेकून बघत राहिली. "छत्री परत करायला लिपस्टिक लागते का गं?"

"पाऊस आहे बाहेर."

"मग लिपस्टिक वाहून नाही का जाणार?"

बसस्टॉपजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, गार्गीने त्याला लांबून ओळखलं. "उज्ज्वल! अहो उज्ज्वल!" शेजारच्या टेबलावरची माणसं वळली, हा मात्र शांतपणे नूडल्स खात बसलेला. शेवटी तिने जाऊन त्याची बाही ओढली.

"कानात कापूस घातलाय, की माझाच आवाज बसलाय?"

त्याचा चेहरा उतरला. "पाठीमागून बोलावू नका ना... समोर येऊन बोला."

"समोर आले तर पळून नाही ना जाणार?"

"तुम्ही पळू द्याल काय?"

तर असं सुरू झालं. तिने बाही ओढायची, त्याने वळायचं. अहो-जाहो गळून पडलं, गुरुवारच्या जोडीला शनिवार आला, रविवार आला. गार्गी त्याच्या प्रेमात पडली, आणि पडली ती चांगली दणदणीत. पण ज्या मुलीला डोळे मिटून प्रेम करता येत नाही, तिला काही गोष्टी दिसतातच. कडकडीत ऊन असलं तरी सांजेला उज्ज्वलचे बूट ओले व्हायचे. गप्पा मारता मारता तो मध्येच थांबायचा, पाण्याच्या दिशेला तोंड करायचा आणि हळूच म्हणायचा, "ओ." झाडावर साळुंक्या चिडीचूप.

एकदा त्याच्या आईचा नागपूरहून फोन आला. त्याने स्पीकर लावला होता. "जय भीम बेटा. उज्ज्वल, जेवलास का? उज्ज्वल... अरे उज्ज्वल?"

"आई, तुझा आवाज मधे मधे तुटतोय."

आवाज तुटत नव्हता. गार्गीला शब्द न् शब्द ऐकू येत होता. तिच्या अंगावर काटा आला.

फोन ठेवल्यावर त्यानेच विषय बदलला. "तू पीएचडी नेमकी कशात करतेस गं? कधी सांगितलंच नाहीस."

"चीनमधली काउंटी सरकारं आणि डोंगरातल्या जमाती. काउंटी म्हणजे आपला तालुकाच समज. एखादं गाव धरणाखाली जातं, तिथली माणसं चिनी नसतात, त्यांची बोली वेगळी, रीत वेगळी... त्यांना साहेबलोक कसं हलवतात, ते."

उज्ज्वलने हातातला उसाच्या रसाचा ग्लास खाली ठेवला.

"मी होतो तिथे," तो म्हणाला. "मागच्या वर्षी. २००५ मध्ये."

कंपनीने त्याला दक्षिण चीनमधल्या एका काउंटीत पाठवलं होतं. धरण होत होतं, नदीकाठचं गाव बुडणार होतं. काउंटीने वर सडकेला चार मजली इमारती बांधल्या होत्या आणि त्यांच्या नळाचं काम उज्ज्वलच्या कंपनीकडे होतं. साहेबांनी सभा घेतल्या, ढोल वाजवले, घरटी टीव्ही वाटला. गाव उठलं. एक म्हातारी मात्र हलेना. तिचा तरणा मुलगा त्याच नदीत वाहून गेला होता. तो परत आला तर घर कुठे शोधेल, एवढंच तिचं म्हणणं. रोज दिवेलागणीला ती उंबऱ्यात उभी राहून त्याला हाक मारायची.

"मी खाली पाइप बघत होतो," उज्ज्वल म्हणाला. "तिची हाक आली. भाषा कोणती काय की, कळत नव्हती... पण आईची हाक आहे एवढं तर कुणालाही कळतं ना, गार्गी? ती मारतेच आहे, मारतेच आहे, आणि समोरून कुणी उत्तरच देत नाही. माझ्या तोंडून निघून गेलं — ओ."

"मग?"

"ती हसली. घरात गेली, गाठोडं बांधलं आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं वर राहायला गेली. साहेबांनी मला मेजवानी दिली. म्हणाले, आमच्यानं जे वर्षभरात झालं नाही, ते तुझ्या एका शब्दानं झालं." तो हसला, पण ते हसू वेगळंच होतं. "मग पाणी चढलं. मी इकडे परत आलो. तेव्हापासून सांज झाली की हाक येते. मी ओ देतो. नाही दिली तर ती एकटीच ओरडत राहते गं... मला नाही राहवत."

"आणि तुझं स्वतःचं नाव?"

"ते ऐकू येत नाही. समोरच्याचे ओठ हलताना दिसतात, बस्. आधी ऑफिसातल्यांचं गेलं. मग मित्रांचं. आता आईचंही." त्याने मान वर केली. "तू तर कधी हाक मारलीच नाहीस मला. नुसती बाही ओढतेस."

गार्गीने त्याचा हात घट्ट धरला. आपण कितीदा हाक मारली आहे, हे तिने त्याला सांगितलं नाही.

त्या काळात चीनमधले काउंट्यांचे अधिकारी सिंगापुरात प्रशिक्षणाला येत, घरं कशी बांधायची आणि पाणी कसं साठवायचं ते शिकायला. गार्गी त्यांच्या मुलाखती घ्यायची. तिने चौकशी केली, आणि नव्या तुकडीत त्याच काउंटीचे उपप्रमुख निघाले. मिस्टर पान. गोल चेहरा, इस्त्रीचा शर्ट, हसरे गृहस्थ. कॉफीशॉपमध्ये कोपीचा, म्हणजे तिथल्या दाट कॉफीचा, कप पुढ्यात घेऊन त्यांनी धरणाची उंची सांगितली, घरांची संख्या सांगितली. मग गार्गीने चिनीत म्हातारीबद्दल विचारलं.

त्यांचं हसू विझलं. "तो भारतीय इंजिनियर... अजून ओ देतो?"

"रोज."

"ती माझी आत्या," पान म्हणाले. "मी त्याच गावचा. शाळा शिकलो, साहेब झालो, आणि तिला घराबाहेर काढायची पाळी माझ्यावरच आली." त्यांनी कप बाजूला सारला. "आत्या हिवाळ्यातच वारली. नव्या घरात."

"मग हाक कोण मारतं?"

"जिवंत आई कधीतरी दमते, पोरी. मेलेली दमत नाही. तिला वाटतं, मुलगा वाटेत आहे. ओ देतोय म्हणजे येतोय. एक दिवस तो पोचेल."

"कुठे पोचेल?"

"जुन्या घरी."

जुनं घर कुठे होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"यावर काहीच उपाय नाही?"

"आमच्यात आई मुलाला हाक मारते ती सून येईपर्यंतच. सून उंबऱ्यात उभी राहते, आणि सासूची हाक आली की मुलाच्या आधी ती ओ देते. मग सासू गप्प होते. पुढे रोज सांजेला त्याला हाक मारायची ती बायकोनं." पान क्षणभर थांबले. "पण जिला ती हाक ऐकू येईल, तिनंच. आणि हे नाटक नव्हे. एकदा ओ दिली की तू त्या घरची. त्या घरात जे कुणी असेल, त्या सगळ्यांची."

उठताना ते खालच्या आवाजात म्हणाले, "त्या दिवशीच मी इंजिनियरला सांगायला हवं होतं. पण मला गाव रिकामं करायचं होतं."

उज्ज्वल फोन उचलेना. गार्गीने एमआरटी पकडली. तो राहायचा पासिर रिसला, हिरव्या लाइनच्या पार दुसऱ्या टोकाला. गाडी सावकाश चाललीय असं तिला वाटत राहिलं. मला हाक ऐकू आलीच नाही तर? इतके दिवस त्याच्या शेजारी बसून एकदाही कानावर आली नाही, ती आज कशी येईल? आणि आली तर? एका नदीखालच्या घरची सून व्हायचं? आईला काय सांगायचं, जावई नागपूरचा आणि सासू चीनची? तिला रडू आलं आणि हसूही आलं. पण तो नसलेल्या गुरुवारची कल्पना तिच्याच्याने करवेना, आणि तिथे प्रश्न संपला.

त्याच्या दाराला कुलूप होतं; दिवेलागण होत आली होती, ती तशीच समुद्राकडे धावली. पासिर रिसच्या किनाऱ्यावर माणसं होती. कुणी कोळशावर मासे भाजत होतं, पोरं सायकली पळवत होती. उज्ज्वल पाण्यात उभा होता. गुडघ्यापर्यंत, बुटांसकट, शांतपणे एकेक पाऊल पुढे टाकत.

"उज्ज्वल!"

तो थांबला नाही.

"उज्ज्वल! अरे, वळ ना! मी आहे!" बाही ओढायला तो फार लांब होता.

आणि मग किनाऱ्यावरच्या झाडांतल्या साळुंक्या गप्प झाल्या. पोरांचा आवाज थांबला, लाटांचाही. पाण्यावरून, पाण्याखालून... कोण जाणे कुठून — एक बाईचा आवाज आला. पातळ, लांबवलेला, शेवटी किंचित वर चढणारा. गार्गीला एक अक्षर कळलं नाही. पण, बाई गं, किती वाट बघितलेली होती त्या हाकेत! भीतीच्या आधी गार्गीचे डोळेच भरून आले.

उज्ज्वलने तोंड उघडलं.

त्याच्या आधी गार्गी ओरडली, "ओ! ओ, आई! मी आहे हो. त्याला घरी नेते मी. तुम्ही आता झोपा."

सगळं स्तब्ध. मग खूप लांब, घरातला दिवा मालवून कुणी दार ओढून घ्यावं तसा एक बारीकसा आवाज झाला. आणि साऱ्या साळुंक्या एकदम कलकलल्या.

हाक मारायचं धैर्य होईना. आता नाही वळला तर? तिने अगदी हळू म्हटलं, "उज्ज्वल..."

तो वळला.

"ओ," तो म्हणाला. मग स्वतःच चकित होऊन, "हाक मारलीस मला?"

"कधीपासून मारतेय रे, गाढवा!"

ती पाण्यात धावली, तो बाहेर धावला, आणि दोघंही घोटाभर पाण्यात एकमेकांवर आदळली. भाजलेल्या माशांपाशी कुणीतरी शिट्टी मारली.

"तू तिला ओ दिलीस?" तो तिच्या केसांत पुटपुटला. "गार्गी, त्या गावात अशी ओ सून देते, मी पाहिलंय. त्याचा अर्थ माहीत आहे तुला?"

"पीएचडी करतेय मी त्यात."

"मग... घरी काय सांगायचं?"

"नागपूरच्या आईला तू सांग. पुण्याच्या आईला मी सांगते, आकांडतांडव होईल, होऊ दे. तिसऱ्या आईला तर सांगून झालं."

लग्न झालं. आकांडतांडवही झालं, पण ते लग्नाआधी, रीतसर. क्लेमेंटीत दोघांनी एक फ्लॅट भाड्याने घेतला, सातव्या मजल्यावर. रोज दिवेलागणीला गार्गी दारात उभी राहून हाक मारते, "उज्ज्वल!" आणि लिफ्टपासून उत्तर येतं, "ओ!" शेजारच्या चिनी आजींना आधी गंमत वाटली. आता त्या ही हाक ऐकूनच भात चढवतात.

एका गुरुवारी उज्ज्वल लवकर घरी आला होता, टेबलाशी बसून शेंगा सोलत होता. सवयीने गार्गी दारात गेली आणि तिने हाक मारली.

"ओ! अगं, इथेच आहे मी," मागून तो हसला.

"ओ," लिफ्टच्या बाजूने आवाज आला.

तरण्या पोराचा होता, कोवळा. जरा लाजरा, पाण्यातून आल्यासारखा. खाली झाडांवर साळुंक्या गप्प झाल्या. उज्ज्वलच्या हातातली शेंग तशीच राहिली. लांबलचक कोरड्या व्हरांड्यात लिफ्टपासून एकेक ओलं पाऊल उमटत आलं आणि उंबऱ्याबाहेर थांबलं. आत यायचं की नाही, हे कळत नसल्यासारखं.

त्या घरात जे कुणी असेल, त्या सगळ्यांची. गार्गीने एक लांब श्वास घेतला. भीती वाटली की थट्टा करायची, हा तिचा जन्माचा स्वभाव. तिने फडताळातून तिसरा कप काढला, चहाचं आधण वाढवलं आणि दाराकडे बघून म्हणाली,

"आलात का भाऊजी? किती उशीर! या, पाय पुसून आत या."