शेवटच्या बुधवारची पानं

त्या बुधवारी इलिंका काही संगीत ऐकायला आली नव्हती. बाहेर पावसाची रिपरिप, हातात तीळ लावलेलं गरम कोव्रिग, म्हणजे कड्यासारखा गोल पाव, आणि याश शहरातल्या विद्यापीठात दुपारी निवांत बसून खाता येईल अशी जागा एकच – विद्यार्थ्यांच्या फुकट मैफलींचा छोटा हॉल. तिने पहिला घास घेतला न घेतला, तोच हॉल सांभाळणाऱ्या ऑरिकामावशींनी तिचा दंड धरला.

"पोरी, स्वरलिपी वाचता येते?"

"लहानपणी शिकले होते... पण मी फार्मसीची आहे, मावशी!"

"मग बिघडलं कुठे? पानं उलटणारा पोरगा तापानं आडवा झालाय. चल!"

आणि तिला नेऊन बसवलं ते थेट पियानोपाशी, तो वाजवणाऱ्या होरियाच्या शेजारी. तो चेलो वाजवणाऱ्या मैत्रिणीला साथ करणार होता. त्याने मान किंचित झुकवली की हिने उठून पान उलटायचं, एवढंच काम.

"हनुवटीला तीळ चिकटलेत," तो कुजबुजला.

"आणि तुझ्या शर्टाची बटणं वरखाली लागलीत," तीही कुजबुजली.

तो हसला... आणि तिला पहिलंच पान उलटायला उशीर झाला.

तापवाला पोरगा बरा झाला, तरी पुढच्या बुधवारी बोलावणं आलं ते इलिंकालाच. मग दर बुधवारी. वसंत सरला, लिंडनच्या फुलांचा वास खिडकीतून आत येऊ लागला. होरियाच्या श्वासावरूनच तिला पान कधी संपणार ते कळायचं. ती प्रेमात पार बुडाली होती. आणि तो? तो मान झुकवायचा, बस.

जूनमधल्या शेवटच्या मैफलीआधी ऑरिकामावशींनी बातमी दिली. "आता सुट्टीनंतर सगळ्यांना टॅबलेट! पायानं पेडल दाबलं की पडद्यावरचं पान पुढे. सुटलीस बाई तू."

मैफल सुरू झाली, तरी इलिंकाच्या डोक्यात तेच. पानंच नसली, तर त्याच्या शेजारी बसायचं तरी कोणत्या नात्याने?

याच विचारात तिने एकदम दोन पानं उलटली.

 ती घाईने पान मागे घ्यायला गेली, तर होरियाने हलकेच मान हलवली – राहू दे. एकही सूर चुकला नाही. तो कागदाकडे बघतच नव्हता... तो तिच्याकडे बघत होता. मग शेवटपर्यंत तो अगदी गंभीरपणे मान झुकवत राहिला, आणि ती तितक्याच गंभीरपणे चुकीची पानं उलटत राहिली.

टाळ्या थांबल्या तशी तिने त्याला बाहेर पायऱ्यांवर गाठलं.

"तुला पाठ होतं!"

"हं."

"कधीपासून?"

"दुसऱ्या बुधवारपासून... सगळंच पाठ करून यायचो."

"मग मला कशाला उठाबशा काढायला लावल्यास?"

"पाठ नसतं, तर कागदाकडे बघावं लागलं असतं." त्याचे कान लाल झाले. "मला तुझ्याकडे बघायचं होतं."

"आणि आता? सुट्टीनंतर माझं काय काम तिथे?"

"काहीच नाही," तो म्हणाला. एरवी कधी न अडखळणारा होरिया आता शब्दाशब्दाला अडखळत होता. "काम नसताना... येशील? इलिंका, मी... माझं प्रेम आहे तुझ्यावर."

तिला चांगलं रागवायचं होतं, पण डोळेच भरून आले.

"किती बुधवार वाया घालवलेस रे, गाढवा!" ती म्हणाली, आणि त्याला उत्तर द्यायला वेळच न देता तिने त्याचं चुंबन घेतलं.